फुकट बीचवरचा नारळ

गार्डने हिराबाईंच्या हातातल्या सोनेरी कागदात गुंडाळलेल्या नारळाकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली. मी घड्याळ बघितलं. ड्रायव्हरची पन्नास मिनिटं उरली होती. युरोपात कोचच्या ड्रायव्हरचे दिवसाचे तास ठरलेले असतात. ते संपले की तो गाडी हलवत नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. ठाण्याच्या नौपाड्यात एका टेबलावर सुरू केलेली माझी टूर कंपनी पहिल्यांदाच युरोपला आली होती. मुंबईच्या ज्या कंपनीत मी आठ वर्षं राबलो, तिथला मॅनेजर म्हणाला होता, "तू अष्टविनायकच कर." ते डोक्यात होतं. म्हणून प्रत्येक हॉटेलशी भांडून रेट पाडले. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळचा हा बीचही मीच शोधला, कारण एन्ट्री फुकट. फुकट का, ते विचारलं नव्हतं. बीच संरक्षित होता. वाळूच्या टेकड्यांवर पाय ठेवायचा नाही, पाण्यात बाहेरचं काही टाकायचं नाही.

आणि त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. हिराबाई ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. दरवर्षी त्यांनी नारळ दिला की मगच थोरला मुलगा होडी काढायचा. "तिथेही समुद्रच आहे, तिथून द्या," असं सांगून मी बुकिंग घेतलं होतं. मुलगा घरी फोनची वाट बघत होता.

आमचं बोलणं ड्रायव्हर स्पॅनिशमध्ये सांगत होता. मी म्हटलं, "एकच नारळ. हवा तर दंड घे."

गार्ड भडकला. मीही आवाज चढवला. त्याने वॉकीटॉकी काढला, तसा मी मागणीत खाली आलो.

"अर्धा?"

नाही.

"करवंटी नको, खोबरं नको. नुसतं पाणी?"

त्याने वॉकीटॉकी खाली केला. मग बोटाने बजावलं, फक्त पाणी.

मी धावतच गेलो. "हिराबाई, जमलं. नारळाचं पाणी ओता, चटकन."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "नारळ अख्खा द्यायचा असतो, शेठ. दर्याशी घासाघीस नाय करत."

"अहो, मी केवढा भांडलो त्याच्याशी."

"त्याच्याशी भांडलात. दर्याला विचारलंत?"

पार्किंगजवळच्या बूथवरून मी ठाण्याला फोन लावून दिला. "मी येईपर्यंत होडी काढू नको रे," एवढंच बोलून त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"शेठ," मुलगा म्हणाला, "तुम्ही शब्द दिलेला."

मी फोन ठेवला.

बाकीच्या होड्या गेल्या. हिराबाईंच्या घरची नऊ दिवस उभी राहिली. परतल्यावर हिराबाईंनी तोच नारळ खाडीत सोडला. पुढच्या वर्षी त्यांच्या घरातले सात जण सिंगापूरला गेले, मुंबईच्या त्याच कंपनीबरोबर.

गार्डचा राग मला अजून येतो. पण आता एखादी जागा फुकट मिळाली, की तिथे काय चालत नाही, ते मी आधी विचारतो.