हिरव्या गाडीनं कोणालाच मागे टाकलं नव्हतं

शेवटच्या फेरीत पाऊस आला, हिरवी गाडी बाहेरच्या बाजूनं आली आणि तिनं एकाच वळणावर दोन गाड्या मागे टाकल्या, असं अकोल्यात काही मंडळींनी माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून ऐकलं असेल. ते खोटं आहे. त्या दिवशी पाऊस आलाच नाही, आणि हिरवी गाडी जिथं होती तिथंच शेवटपर्यंत राहिली. पण भाऊ खोटं बोलला नाही. मी अमरावतीहून फोनवर जे सांगितलं तेच त्यानं पुढं सांगितलं. एवढं आधी लिहून टाकतो, म्हणजे कुणी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

फॉर्म्युला वन म्हणजे मोटारींच्या शर्यतीतली सगळ्यात वरची पायरी. पंचाहत्तरी ओलांडलेले दोन भाऊ ती नेमानं पाहतात म्हटलं की लोक हसतात. हा नाद भावाचा. अकोल्यात त्याचं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं दुकान होतं. गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती कोणत्या रबरावर पळते, याचं त्याला अप्रूप. "दादा, त्यायचे टायर पाहा, पोळीसारखे गरम करून लावतात," असं सांगून सांगून त्यानं मलाही टीव्हीसमोर बसवलं. शर्यत संपली की फोन व्हायचा. चालवणाऱ्यांची नावं आमच्या जिभेवर बसत नसत, म्हणून आम्ही गाड्यांच्या रंगांवर भागवायचो. हिरवी, केशरी, निळी, तांबडी. लहानपणी बैलांना ओळखायचो तसंच.

आमचं गाव भातकुलीकडचं. थंडीत आसपासच्या गावांत शंकरपट भरायचे, बैलजोडीच्या शर्यती. आमच्याकडच्या पटात जोडी एकटीच धावायची आणि घड्याळ लावून तिचा वेळ धरायचे. खरं तर पाहायला फार काही नसायचं. धुरळा, आरडाओरडा, आणि जोडी गेलेली असायची. भाऊ ठेंगणा. गर्दीत त्याला पुढच्याची पाठच दिसायची. मी बाभळीवर चढायचो आणि खाली त्याला सांगायचो. "ढवळा पुढं झुकला. धुरकऱ्याचा फेटा उडाला." जोडी हाकणाऱ्याचा फेटा कधी उडालेला असायचा, कधी नसायचा. परतताना बैलगाडीत मोठी माणसंही तेच करायची. ज्यानं जोडी नीट पाहिली नसेल तोच जास्त रंगवून सांगायचा, आणि कुणी त्याला अडवत नसे. पट अर्धा मैदानात व्हायचा आणि अर्धा घरी येताना.

पुढं मी जिल्हा कोर्टात लघुलेखक झालो. साक्षीदार जे बोलेल तेच कागदावर उतरवायचं, आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, यात नोकरी गेली. त्यात मी चुकलो नाही. निवृत्तीनंतर चुकलो.

भावाला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. दुकान मुलाकडे गेलं. टीव्हीवरचं इंग्रजी समालोचन त्याला कळत नव्हतं. म्हणायचा, "बोलून राहिले का गुळण्या करून राहिले, काही समजत नाही बाप्पा." त्याच्या घरी संध्याकाळी मालिका लागायच्या. म्हणून मी पाहायचं आणि फोनवर सांगायचं, असं ठरलं. मला बरं वाटलं होतं. बाभळीवर परत चढल्यासारखं.

भावाच्या दुकानाशेजारी बॅटरीचं दुकान असलेला त्याचा जुना मित्र रोज सकाळी दारात यायचा, आपलं कोपर धरायला देऊन त्याला बागेत न्यायचा आणि परत आणून सोडायचा. बागेतल्या बाकावर आणखी चारपाच जण जमायचे. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना सगळी शर्यत सांगायचा. डोळे गेल्यावर त्याच्याकडे इतरांना सांगण्यासारखं तेवढंच उरलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळायला हवं होतं.

त्या काळात शर्यती कंटाळवाण्या झाल्या होत्या. एकच गाडी पहिल्या वळणाला पुढं जायची आणि दोन तास पुढंच राहायची. मागच्या गाड्या एकीमागे एक, लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतात तशा. गाड्या रुंद झालेल्या, रस्ते तेच. पुढच्याच्या मागं फार वेळ राहिलं की मागच्याचे टायर तापतात, म्हणून तोच मागं सरकायचा. चालवणाऱ्याच्या कानात त्याचा इंजिनिअर सारखं सांगायचा, टायर जप, टायर जप. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या, आणि त्या जपून चालवलेल्या पाहायच्या.

एका रविवारी मला खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली ती फोननं. टीव्हीवर बक्षिसं वाटून झालेली.

"दादा, काय झालं आज?"

झोपलो होतो, असं म्हणायला काय हरकत होती? लाज वाटली. म्हणालो, "अरे, केशरीनं शेवटी शेवटी निळीले घाम फोडला." आणि मग सांगत गेलो. पलीकडून "अरारा", "मंग?", "टायर कोणता होता?" असं येत राहिलं. कित्येक दिवसांत त्याचा आवाज असा ऐकला नव्हता.

फोन ठेवला. बायको भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "तुमी त घोरून राहिले होते."

"थोडी डुलकी लागली."

"मंग केशरी न् निळी सपनात पळाली काय?"

पुढं मी दर वेळी खोटं सांगितलं असं नाही. शर्यत चांगली झाली तर जशी झाली तशी सांगायचो. नाही झाली तर करून सांगायचो. कुठं एखाद्याला गवतावर उतरवलं, कुठं टायर बदलणाऱ्या पोराच्या हातून चाक निसटवलं. बायको म्हणायची, "काहून फसवता त्याले?" मी म्हणायचो, "त्याले बरं वाटते." ते खरं होतं. पण मलाही बरं वाटायचं, हे मी तिला सांगत नव्हतो.

मग ती पावसाची शर्यत. दुसऱ्या दिवशी बाकावर भावानं ती सांगितली. बॅटरीवाल्या मित्राला त्याच्या नातवानं मोबाइलवर शर्यतीची चित्रफीत लावून दिली होती. ती त्यानं आदल्या रात्री पाहिली होती. तो म्हणाला, "पाऊस कुठं आलता? कोरडं ठाक होतं सारं. तुले कोणी तरी गंडवून राहिलं."

भाऊ म्हणाला, "मले माह्या दादानं सांगितलं. तुह्या मोबाइलपेक्षा माह्या दादावर मले भरोसा हाय."

बाकावरचे हसले. मित्रही हसला. भाऊ उठला आणि कुणाचा हात न धरता, भिंती चाचपत घरी आला. दुसऱ्या दिवशी मित्र दारात आला, तेव्हा यानं आतूनच सांगितलं, "मी नाही येत." तो पुन्हा आला, तेव्हाही तेच. मग तोही येईनासा झाला.

हे मला भावाच्या बायकोनं फोनवर सांगितलं. "दादा, सकाळपासून पलंगावर बसून राहतात. बाहेर चला म्हटलं त म्हणतात, लोकं हसतात." भावानं स्वतः मला भांडणाचं काही सांगितलं नाही. त्यानं फक्त एकदा विचारलं, मध्येच, दुसऱ्याच विषयात.

"दादा, त्या दिवशी पाऊस आलता ना?"

मी म्हणालो, "आलता ना."

"हां. मी म्हटलंच होतं त्यायले."

आधीचं सगळं मी पटातल्या गोष्टींसारखं समजून घेऊ शकतो. हे नाही. इथं मला रस्ता होता आणि मी तो सोडला. आणि त्यानंतरही किती तरी दिवस गप्प बसलो. रोज वाटायचं, उद्या सांगू. तिकडे तो पलंगावर आणि बाग दोन गल्ल्यांवर.

शेवटी बायकोच म्हणाली, "जा अन् तोंडानं सांगून या. फोनवर नको." बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं तरी पहिलं वाक्य जुळत नव्हतं.

भाऊ पलंगावर होता. माझा आवाज ऐकून खूश झाला. चहा आला. कप हातात धरूनच मी सांगितलं, पाऊस आला नव्हता. मी सांगितलं ते झालं नव्हतं.

त्यानं आपला कप चाचपत खाली ठेवला.

"पाऊस नाही?"

"नाही."

"अन् हिरवी?"

"पाचवी होती. पाचवीच राहिली."

मग तो एकेक विचारायला लागला. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं. "तांबडीचं चाक निसटलं ते?" नाही. "दोघं भाऊभाऊ एकामेकाले घासले ते?" ते भाऊ नव्हतेच, ते मी घातलं. प्रत्येक 'नाही'ला तो मान हलवायचा, घरातून वस्तू उचलून नेताना पाहावं तसा. शेवटी हळू विचारलं, "अन् निळीचा टायर फुटला, तरी त्यानं तीन चाकांवर गाडी आणली, ते?"

"ते खरं."

"देवाची शप्पथ?"

"ते मी पाहिलं. खरं आहे."

"बरं," तो म्हणाला. "ते एक राहिलं." मग थोड्या वेळानं, "मले सांगून काय उपयोग? त्याले सांग."

मी तसाच बॅटरीच्या दुकानात गेलो. मित्र एका बॅटरीत पाणी घालत होता. मी गल्ल्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. त्यानं भांडं खाली ठेवलं, हात पुसले.

"मले मालूम होतं तुमीच असान," तो म्हणाला. "दुसरं कोण सांगते त्याले? पण त्याच्यासमोर तुमचं नाव काढाची माही हिंमत नाही झाली. त्याचा तेवढाच त भरोसा."

मी म्हणालो, चूक माझी आहे.

"हाय ना. तुमचीच हाय," तो म्हणाला. "पण हसाले नको होतं मी. त्याले दिसत नाही, अन् आमी हसलो."

दुसऱ्या सकाळी तो दारात आला. मी तिथंच मुक्कामाला होतो. भाऊ आधीच चपला घालून बसला होता. मित्रानं कोपर पुढं केलं, भावानं धरलं. बाकावर मी गेलो नाही. भाऊच नको म्हणाला. म्हणून त्या मंडळींसाठी हे लिहिलं.

आता शर्यतीच्या रविवारी मित्र भावाच्या घरी येतो. माझा फोन स्पीकरवर असतो आणि मित्राच्या हातात त्याचा मोबाइल. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "दादा, मी बी पाहून राहिलो. जपून."

लोक विचारतात, या शर्यतींत आता पाहण्यासारखं काही उरलं आहे का. खोटं सांगणं बंद झाल्यावर मला पाहावं लागतं, डुलकी परवडत नाही. आणि माझं प्रामाणिक मत असं की पुढच्या दोनतीन गाड्यांत बहुतेक वेळा काही नसतं. सुरुवातीचं पहिलं वळण आणि पाऊस, एवढं सोडलं तर पुढं कंटाळाच. पण आठव्या-नवव्या जागेसाठी मागं कुणीतरी कुणाच्या तरी पाठीशी लागलेलं असतं. कॅमेरा तिकडे क्वचित जातो, पण पडद्याच्या कडेला त्यांच्यातलं अंतर लिहून येतं. ते कमी होताना पाहायचं. त्यात मजा आहे. उगाच नाही म्हणत. भाऊ तर तेवढ्यावरच जगतो.

परवाची शर्यत अशीच सपाट गेली. अर्धी झाल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, आज कायच नाही होऊन राहिलं काय?"

"काहीच नाही."

"खरं बोलून राहिले," मित्र पलीकडून म्हणाला. "मी साक्षीदार."

शेवटी शेवटी हिरवी गाडी पिवळीच्या मागं आली. नववी जागा. मी सांगत होतो, जवळ आली, आणखी जवळ आली, आता वळण आहे. अकोल्यात कुणी चहाचा कपही हलवत नव्हतं. वळणावर हिरवीनं आत नाक घातलं. पिवळीनं दार लावलं, वाट दिलीच नाही.

"काढलं काय?" भावानं विचारलं.

तोंडात 'हो' येऊन थांबला होता. खोटं नाही सांगत, आला होता.

"नाही," मी म्हणालो. "मागंच राहिली."



"पण लय जवळ होती?"

"लय जवळ. बैलाच्या शिंगाएवढी."

"काय रे, शिंगाएवढी होती?" त्यानं मित्राला विचारलं.

मित्रानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला असावा. "शिंगापेक्षा जराशी दूरच."

"असू दे," भाऊ म्हणाला. "उद्या बाकावर शिंगाएवढीच सांगतो. तू मधात बोलू नको."