पाच काठ्यांचं पान

माझी आणि मोठ्या जाऊबाईंची दोन महिने बोलाचाली बंद होती. कारण विचाराल तर बकरी. त्यांच्या बकरीनं वाळत घातलेले माझे सरगुंडे, उन्हाळाभर खपून केलेलं गव्हाचं वाळवण, फस्त केले, आणि मी रागाच्या भरात बोलून गेले, "जशी मालकीण तशी बकरी!" झालं. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. पण आम्ही एकमेकींकडे बघतच नव्हतो.

त्यात त्यांच्या पोरीचं लग्न चार दिवसांवर आलं. ती पोर माझ्या मांडीवर वाढलेली. तिला हळद लावायला मला बोलावतात की नाही, ह्या धास्तीनं माझी अन्नावरची वासनाच उडाली होती. पण स्वतःहून जाईन? छे! नाक मोठं ना आमचं.

लग्नासाठी नागपूरहून नणंदेची पोरगी आली, टॅरो का काय ते शिकून. माझ्या ओसरीवर पत्ते पसरून म्हणाली, "मामी, मनात प्रश्न धर अन् एक पान काढ."

प्रश्न तर तयारच होता. काढलं पान. त्यावर पाच पोरं, प्रत्येकाच्या हातात लांब काठी, सगळ्या काठ्या एकमेकींत अडकलेल्या.

"अगं बाई, हे तर भांडणाचं पान! पाच जण, पाच तोंडं, कोणी कोणाचं ऐकून नाही राह्यलं."

तेवढ्यात भिंतीवरून एक डोकं वर आलं. जाऊबाई! किती वेळ कान लावून बसल्या होत्या कोण जाणे.

"भांडण कायचं?" त्या भाचीला म्हणाल्या. "मांडव उभा करून राह्यले ते. आडव्या बल्ल्या बांधाच्या बाकी हायेत."

"तिले सांग," मीही भाचीलाच म्हणाले, "मांडवाची मेढ अशी तिरपी नाही धरत कोणी."

"सांग तुह्या मामीले, खड्ड्यात बसवाच्या आधी तिरपीच राह्यते!"

"मंग खड्डा कुठी हाय? दाखव म्हणा पानावर!"

भाची बिचारी पुस्तक उघडून खरा अर्थ सांगायला बघत होती, पण तिला विचारतं कोण? जाऊबाईंनी लुगडं खोचलं आणि पंचावन्नाव्या वर्षी सरळ भिंत ओलांडली. त्यांनी पान हिसकावलं, मी ओढलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

इतक्यात पलीकडे धडाड! त्यांच्या अंगणात घरची पाच माणसं खराखुरा मांडव उभा करत होती. पाच लाकडी बल्ल्या, पाच दिशा, आणि आमच्या दोघींचे नवरे एकमेकांवर ओरडत होते, "माह्याकडे काहून ढकलतं बे!" भाची पानाकडे बघे, मग त्यांच्याकडे बघे.

आम्ही धावलो. जाऊबाईंनी पडलेली बल्ली एका टोकानं उचलली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"तू काय पाहून राह्यली? धर तिकडून. अन् हळदीले का आमंत्रणाची वाट पाहतं? पोरगी सकाळपासून काकू कुठी, काकू कुठी करून राह्यली."

दोन महिन्यांनी ते 'तू' ऐकलं. बल्ली धरली होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी नुसती हसत सुटले. त्याही सुटल्या. बल्ली कशीबशी उभी राहिली.

मागे वळून बघतो तर बकरी मांडवावर टाकायच्या जांभळाच्या डहाळ्या निवांत चघळत उभी. दोघींच्या तोंडून एकदमच एक शिवी निघाली, आणि बल्ली पुन्हा खाली आली.