रनिंग रूमचं मिनिस

ताट तो कधी ठेवत नसे, आपटत असे. टेबलावर आपटलेलं इनॅमलचं ताट गरकन अर्धं फिरे आणि खाणाऱ्याच्या पुढ्यात येऊन थांबे. मग कमरेवर हात ठेवून तो म्हणे, "खा. नाई तं ऊठ."

हा माणूस गोंदियाच्या रनिंग रूममध्ये खानसामा होता. तुम्ही रेल्वेच्या गावात राहिला नसाल तर सांगतो. बाहेरगावाहून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड परतीच्या गाडीपर्यंत जिथे आंघोळ करतात, जेवतात आणि झोपतात, ती रनिंग रूम. स्वातंत्र्य येऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी लोकोशेडमध्ये नवा कारकून लागलो होतो आणि तिथल्या चादरी, भांडी नि कोळसा यांची देखरेख माझ्या गळ्यात पडली होती. त्या सगळ्याबरोबर हा माणूसही पडला.

पहिल्याच दिवशी मी त्याला आदराने "मामा" म्हणालो. वयाने पन्नाशीचा, केस पांढरे, आवाज फाटका. दुसरं काय म्हणणार?

"कोन मामा? तुही माय माही बहीन व्हय का?"

"नाही, म्हणजे तुम्ही मोठे..."

"मोठा हावो तं दूर उभा राह्य. शेगडीवर सावली पाडून राहिला."

तेव्हापासून मी त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. तो मला "बाबू" म्हणे, आणि त्या दोन अक्षरांत एखादी शिवी आरामात मावेल अशी जागा करून ठेवी.

त्याचं गाव सालेकशाकडे, जंगलाला लागून. घरची धानाची शेती होती. दोन भावांतला हा मोठा. तरुणपणी एका दुष्काळात गोंदियाला आला आणि एका गोऱ्या फोरमनच्या बंगल्यावर भांडी घासायला लागला. तिथल्या मद्रासी खानसाम्याने त्याला ओगराळ्याने मारत मारत स्वयंपाक शिकवला. "मारला नसता तं शिकलो नसतो," असं तो म्हणे. त्या खानसाम्याबद्दल तो चांगलं बोलत असे. जिवंत माणसांबद्दल त्याला चांगलं बोलताना मी ऐकलं नाही.

अँग्लो-इंडियन ड्रायव्हर त्याच्याकडे एका पदार्थासाठी यायचे. त्या खिम्याला ते 'मिन्स' म्हणत. खानसाम्याच्या तोंडी त्याचं 'मिनिस' झालं आणि मग सगळ्यांच्याच तोंडी तेच बसलं. मोठ्याचं मटण पळसाच्या पानात बांधून येई. ते गाईचं की म्हशीचं हे विचारायची खाणाऱ्यांना गरज नव्हती, आणि न खाणाऱ्यांना विचारायची इच्छा नव्हती. चिंचेच्या ओंडक्यावर दोन सुरे दोन हातांत घेऊन तो ते बारीक करी. तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर वाटे, याच्या डोळ्यांपुढे कुणीतरी आहे. मग कांदा, टमाटे, भरपूर मिरी. खिमा शिजून कोरडा होत आला की पसरट पत्र्याच्या डब्यात ओतायचा. वर चीज किसायचं. ते डब्यातलं पिवळंजर्द चीज कलकत्त्याचा कुणी गार्ड आणून देई. डब्यावर झाकण आणि झाकणावर रसरसते निखारे. खालून नाही, वरून आच. इकडे शिळा पाव उभा चिरून, लसूण-मीठ ठेचून लोण्यात कालवलेलं त्याला चोपडून, तव्यावर दाबून धरायचा. झाकण उघडलं की चीज फुगून तांबूस झालेलं असे. चौदा-पंधरा तास कोळशाची धूळ खाल्लेला माणूस त्या वासाने उठून बसे.

आणि हे सगळं करणारा माणूस ते खात नसे. बकरं, कोंबडं, नाल्यातली मासळी तो खाई. हे मात्र कधीच नाही. मीठ पाहायचं झालं तर पावाच्या तुकड्यावर थोडं घेऊन जो भेटेल त्या ड्रायव्हरच्या तोंडाशी धरी. "सांग." स्वतःचा भात आणि अंबाडीची भाजी तो बाहेर तीन दगडांच्या चुलीवर वेगळी शिजवी. मी एकदा विचारलं, इतकी वर्षं रांधता, कधी चव नाही घेतली?

"न्हावी लोकायचे केस घरी नेते का?" तो म्हणाला.

गावाने मात्र हे त्याला कधी विचारलं नव्हतं. तो काय रांधतो हे कळलं त्या दिवशीच त्याला जातीबाहेर काढलं होतं. घर भावाकडे, जमीन भावाकडे. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याची आई वारली. निरोप आला तसा तो मिळेल त्या गाडीने गेला आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परतही आला. येऊन त्याने कांदे चिरायला घेतले. माझं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं. पांढरे केस जसेच्या तसे होते. मोठ्या मुलाचं डोकं भादरलेलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "बाबू, तोंड उघडलं तं हा कांदा कोंबीन."

हळूहळू अँग्लो-इंडियन ड्रायव्हर जाऊ लागले. कुणी विलायतेला, कुणी ऑस्ट्रेलियाला. शेवटी नियमाने येणारा एकच उरला. निवृत्तीला टेकलेला, एका कानाने बहिरा असा एक म्हातारा. त्याची बायको गेलेली होती आणि मुलं परदेशात होती. या दोघांची मैत्री होती असं मी म्हणणार नाही. ते एकमेकांना सारखे घालूनपाडून बोलत. पण एकदा काय झालं ते मी पाहिलं आहे. सालेकशाच्या वळणावर मोहफुलाची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई म्हाताऱ्याच्या गाडीखाली आली. दुपारी तो रनिंग रूममध्ये शिरला आणि बूटही न काढता बाकावर बसून राहिला. खानसाम्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मटणाचा दिवस नव्हता, तरी कुठून तरी आणलं, आणि तासाभराने ताट येऊन आपटलं.

"खा. नाई तं ऊठ."

म्हाताऱ्याने पाव मोडला, घास घेतला आणि तोंडात घास असतानाच रडू लागला.

"रडाचं असन तं ताट बाजूले कर," खानसामा ओरडला. "वाफ जाऊन राहिली!"

म्हातारा रडत रडत सगळं जेवला. तोवर हा तिथेच पाठ करून उभा होता.

मग नवे ड्रायव्हर आले. आपलीच माणसं, पण त्यांना या स्वयंपाकघरातलं पाणीही नको होतं. त्यांचा पुढारी एक धिप्पाड, कपाळावर टिळा लावणारा ड्रायव्हर होता. तो घरून डबा आणी आणि दारातूनच नाक दाबून जाई. "ये रसोई है कि कसाईखाना?" असं तो मोठ्याने म्हणे.  खानसामा लसणाचा खल उचलून नेमका त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नेई आणि तिथे बसून दुपारभर कुटे. तक्रारी माझ्याकडे येत. मी समजावायला जाई आणि शिव्या खाऊन परत येई. त्यांनी त्याच्या मडक्यात राख टाकली. त्याने त्यांच्या बादलीला मटणाचे हात पुसले. कुणी कुणाला हसून क्षमा केली, असलं काही तिथे घडलं नाही.

शेवटी वरून हुकूम आला की रनिंग रूममध्ये मोठ्याचं शिजणार नाही. महिनाअखेरीपासून बंद. खानसाम्याला काढणार होते, पण मी फोरमनच्या हातापाया पडलो. तडजोड निघाली. तो टिळेवाला ड्रायव्हर म्हणाला, याच्या जातीने याला शुद्ध म्हटलं तर आम्ही याच्या हातचं खाऊ. मी स्वतः सालेकशाला जाऊन त्याच्या भावाला भेटलो. भाऊ बारीक आवाजाचा, घाबरट माणूस होता. पंचांशी बोलून तो म्हणाला, "त्यानं देवाची आन घेऊन सांगावं का आपुन खाल्लं नाई. बस. जातीत घेऊ. त्याचा जमिनीचा हिस्साबी देऊन टाकीन."

मला आनंदाने हसू फुटलं. नोकरी, घर, जमीन, सगळं एका वाक्यावर अडलं होतं, आणि ते वाक्य खरं होतं!

ठरलेल्या दिवशी भाऊ आणि दोन पंच आले. ड्रायव्हर दाटीवाटीने भिंतीला टेकून उभे होते. नेमका तो म्हाताराही ड्यूटीवरून आलेला. त्याचं शेवटचं मिनिस टेबलावर होतं, झाकण नुकतंच निघालेलं. एका पंचाने नारळ पुढे केला.

"हात ठेव अन् सांग."

खानसाम्याने नारळाकडे पाहिलं. मग भावाकडे.

"माय मेली तवा मी दारात उभा होतो," तो म्हणाला. "तुनं विचारलं का, भाऊ खाल्लं का नाई?"

भाऊ खाली पाहू लागला.

"तिले खांदा देऊ देलं नाई. तोंड पाहू देलं नाई. तवा एका सबदानं विचारलं असतं तं सांगितलं असतं. रडून सांगितलं असतं."

"आता तरी सांग ना दादा," भाऊ म्हणाला.

"आता कायले?"

मला राहवलं नाही. "अहो, खरं तेच सांगायचंय," मी म्हणालो. "खोटं थोडंच बोलायचंय?"

तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर असंख्य वेळा डोळे वटारले होते, पण तसं कधी पाहिलं नव्हतं. "खरं माहं हाये, बाबू. यायले कायले देऊ?"

आणि तो म्हाताऱ्याच्या समोरच्या बाकावर बसला. त्या बाकावर त्याला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याने म्हाताऱ्याचं ताट स्वतःकडे ओढलं, पावाचा तुकडा मोडला, चीजची तार तुटेपर्यंत मिनिस वर उचललं आणि घास तोंडात घातला.

 तो घास त्याच्या तोंडात नुसता फिरत राहिला. जबडा हले, पण गिळणं होईना. कपाळावरची शीर फुगली. म्हाताऱ्याने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला आणि हलकेच म्हणाला, "आहिस्ता, मॅन. आहिस्ता." त्याने गिळलं. दुसरा घास घेतला. मग तिसरा. ताट पुसून निघेपर्यंत तो थांबला नाही. मग पंचांकडे पाहून, खरोखरच आश्चर्य वाटल्यासारखा म्हणाला, "बस? यवढंच?"

टिळेवाला ड्रायव्हर थुंकून बाहेर गेला. पंचांनी नारळ पिशवीत टाकला. भाऊ दारापाशी घुटमळला, पण त्याला कुणी थांबवलं नाही.

नोकरी त्याच आठवड्यात गेली. मी त्याच्यावर रागावलो होतो; माझी सगळी धडपड त्याने एका ताटात कालवून खाल्ली होती. म्हातारा निवृत्त होऊन खरगपूरला बहिणीकडे निघाला, तेव्हा त्याने याला बरोबर चल म्हटलं. "तुह्या घरी रांधाले? तुहा नोकर हावो का मी?" असं म्हणून याने त्याला हाकलून दिलं. मग त्याची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्याला गाडीत बसवून आला.

त्यानंतर तो गेला कुठे, तर गावाला. जातीने घेतलं नाही म्हणून काय झालं! भावाच्या शेतात, रुळाच्या अंगाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला लागून, त्याने कुडाची झोपडी उभी केली आणि राहू लागला. जमीन माझीही आहे, हटवून दाखवा, असा त्याचा हेका. कुणी हटवलं नाही, कुणी बोललंही नाही. आसपास रुळांवर काम करणारे गोंड गँगमन तेवढे त्याच्याकडे येत. तो त्यांना भात रांधून घाली आणि शिव्या देई. मी एकदा भेटायला गेलो तर म्हणाला, "कायले आला?" खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. बसलो, जेवलो. भात उत्तम होता. निघताना त्याने माझ्या पिशवीत चारोळीचा पुडा कोंबला आणि "आता येजो नको" म्हणाला.

मी गेलोही नाही. पुढे काही वर्षांनी, धान कापणीला आलं असताना, एका गँगमनने शेडमध्ये येऊन तो गेल्याचा निरोप दिला. मी सकाळची पॅसेंजर पकडली.

झोपडीत त्याला निजवलं होतं. गावातून कुणी आलं नव्हतं. गँगमननीच बांबू तोडले, तिरडी बांधली आणि मला म्हणाले, बाबू, तुम्ही पुढे खांद्याला लागा. आम्ही त्याला उचललं आणि बांध्यांमधल्या वाटेने नाल्याकडे निघालो. दोन्हीकडे धान पिवळं होऊन वाकलं होतं.

वळणावर मी मागे पाहिलं. शेताच्या बांधावर त्याचा भाऊ उभा होता. डोक्याचा शेला त्याने काढून हातात घेतला होता, आणि डोकं नुकतंच भादरलेलं, उन्हात पांढरं दिसत होतं. मी थांबलो. मागच्या गँगमनने तिरडीचा बांबू एका हातावर पेलून खांद्याची जागा मोकळी केली आणि दुसऱ्या हाताने त्याला बोलावलं.

तो आला नाही. गेलाही नाही.