फितीखालून गेलेला सायकलवाला

तुर्भ्याला सायकलींसाठी बांधलेला वेगळा रस्ता आठवडाभर तयार होता, पण साहेबांना उद्घाटनाला सवड नव्हती. तोवर फितीवर पहारा द्यायचं काम माझ्याकडे, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरकडे होतं. कोपरखैरण्याहून कारखान्यात जाणारा एक कामगार रोज तिथे सायकलवरून उतरायचा, हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा सरळ करायचा, फितीकडे बघायचा आणि निमूटपणे ट्रकच्या रस्त्याला लागायचा.

एका सकाळी ट्रकने त्याला गटारात पाडलं. चिखलातून वर येत तो म्हणाला, "सायबांना सांगा, सावकाश या. तवर मी जिता र्‍हायाचं बगतो."

नियमात बसत नव्हतं, तरी मी फीत वर उचलली. तो वाकून खालून गेला.

पुढे साहेब आले. त्यांनी फीत कापली आणि सायकलरस्त्याची पाहणी मोटारीतूनच केली. मोटार अगदी आरामात मावली.