रुख्माबाईचं कापडी काचघर

"बाळंतिणीले देते तसाच शेक देल्ला, त्यात माह्यं काय चुकलं?" जमुनाबाईचा आवाज ओसरीभर घुमत होता.

"बाळंतीण बोलते, आत्याबाई. गुदमरली त खिडकी उघडा म्हणते. रोपानं कोणाले हाक मारावं?" सून रुख्माबाईच्या ओंजळीत भेदऱ्याची, म्हणजे टमाट्याची, लुळी पडलेली रोपं होती. देठ मातीपाशी उकडल्यासारखे मऊ झाले होते आणि त्यांना ओव्याच्या धुरीचा वास येत होता.

"पहाटे हातपाय आखडून राहिले होते थंडीनं. जीव तुटला माह्या त्या रोपायसाठी. निखारे ठेवले, ओवा टाकला, भोकं बुजवली. उपकार त नाहीच, वरून हे!"

देवरीतलं हे मरारांचं घर; भाजी पिकवण्यावरच चालायचं. पुसातली, म्हणजे पौषातली, थंडी कोवळं रोप जाळते, म्हणून भेदऱ्याचं बी माघातच टाकायचं, ही त्यांची जुनी रीत. त्यामुळे सगळ्या गावाची भेदरं एकदमच बाजारात यायची आणि शेवटी बैलांपुढे पडायची.

रुख्माबाईचा नवरा दुलीचंद सहा वर्षं पचमढीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तिथं काचघर होतं. एका हिवाळ्यात तो तापानं पडला आणि काचघर रुख्माबाईनं सांभाळलं. भिंतीवरची पाऱ्याची नळी तिला वाचता येत नव्हती. ती पालथा हात मातीला लावून बघायची. थंडीनं जितकी रोपं मरतात, त्याहून जास्त कोंडल्यानं मरतात, हे ती तिथं शिकली. ऊन चढलं की तावदान उघडायचं, कललं की लावायचं. साहेब विलायतेला गेला, तेव्हा ती भेदऱ्याचं बी पदराच्या गाठीत बांधून घरी आली.

इथं काच कुठली? तिनं कमरेएवढा खड्डा खणला, उबेसाठी ताजं शेण तुडवून भरलं, वर माती पसरली. दुलीचंदनं बांबूचा सांगाडा केला. त्यावर जुनी धोतरं जवसाच्या तेलात भिजवून ताणली आणि एका बाजूला उघडता येईल असं कापडी तावदान ठेवलं. उजेड आत यायचा, थंडी बाहेर राहायची. घरचं तेल गेलं म्हणून जमुनाबाई पंधरा दिवस बोलत होती. सासरे शालीकराम म्हणाले, "शेणाची गादी, तेलाची चादर. झाडायचं लगन हाय का वो?" पण मार्गशीर्षात रोपं तरारली, तेव्हा बैल शोधायच्या निमित्तानं तेच दिवसातून दोनदा तिकडे चक्कर मारू लागले.

आता मात्र त्यांनी हात झटकले. "झाली हौस. उरलेलं बी माघात उघड्या वाफ्यात टाका."

गाठीत निम्मंच बी होतं. तसलं बी देवरीत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आत्ता पेरलं आणि पुन्हा मेलं, तर सगळंच संपलं. माघात पेरलं, तर चारचौघांसारखं एकाच दिवशी बाजारात.

"पण ऊन चढलं तवा तू कुठं होतीस?" दुलीचंदनं बायकोला हळूच विचारलं.

"चुलीपाशी भाताची पेज पसवून राहिली होती."

एवढं बोलताच रुख्माबाईच्या डोळ्यांतला राग ओसरला. रोज हेच होत होतं. तावदान उघडायची वेळ तीच चुलीची, लावायची वेळही तीच. आजवर कसंबसं निभावलं होतं, एवढंच.

ती उठून खड्ड्यापाशी गेली. मेलेली रोपं बाजूला सारून तिनं कोपरापर्यंत हात शेणात खुपसला. आत अजून ऊब होती. हात धुऊन, पदराची गाठ सोडत ती ओसरीवर आली.

"बी आजच पेरते. उद्यापासून सकाळी आन् दिवस कलताना मी चुलीपाशी येणार नाही. भात कोणी शिजवायचा, ते तुमी ठरवा."