विशाखापट्टणमला दार बघायला

लातूरच्या माणसानं समुद्र बघायला निघायचं म्हणजे आधी घरातले सगळे हंडे भरून ठेवायचे आणि मग पिशवी उचलायची. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही मनात आलं तर. अशा गावची माझी पोरगी मीरा जहाजं बांधायला शिकणार म्हणत होती. क्लासवाल्यांनी दोन वर्षं तिला डॉक्टर करायचा चंग बांधला होता. ते काही जमलं नाही, आणि विशाखापट्टणमच्या एका कॉलेजात जहाजबांधणीची जागा तिच्या वाट्याला आली. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

नाही म्हणणारा घरात मी एकटाच. कॉलेजचं वसतिगृह भरलेलं, म्हणून मुली टेकडीवरच्या एका घरात भाड्यानं राहतात, दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब, एवढं ऐकलं आणि सहीसाठी आलेला फॉर्म मी बाजूला सारला. क्लासच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. भूकंपाच्या साली पंचनाम्यासाठी पडक्या घरांचे फोटो काढायला मला किल्लारीकडं नेलं होतं. कितीतरी दिवस मी तेच काढत होतो. तेव्हापासून कुणाच्या घरी गेलो की मी यजमानाआधी दार बघतो. आमच्या घरात खाटा दाराकडं तोंड करून आहेत आणि छपराला पत्रे आहेत. जमीन हलली की बाहेर पळायचं, एवढं एकच शिक्षण मी पोरीला फुकट दिलं.

"तुमची भीती तुमच्यापाशी ठेवा," आमच्या मंडळी, शकूबाई म्हणाल्या. "जाऊन घर बघून या. आन् समुद्राचे फोटो काढा जरा. पासपोर्ट लई झाले."

नांदेडहून गाडी धरली. अर्धापूरची केळी डझनभर घेतली होती, ती मुदखेड यायच्या आत संपली. सिकंदराबादला गाडी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखापट्टणमला उतरलो तेव्हा अंगावरचा शर्ट ओल्या फडक्यासारखा चिकटला होता.

आमचं लातूर भाकरीसारखं सपाट. इथं मात्र रस्त्याला सरळ जायचं माहीतच नाही. एक तर चढायचं नाही तर उतरायचं. लॉजवाल्यानं मोठ्या कौतुकानं चौथ्या मजल्यावरची समुद्र दिसणारी खोली देऊ केली.

"तळमजला द्या," मी म्हणालो.

"तिथून समुद्र दिसत नाही, सार."

"समुद्राकडं मी चालत जातो."

खाली हॉटेलात पेसरट्टू (मुगाचा डोसा) खाल्ला. त्याच्या पोटात उपमा भरलेला असतो. एका पदार्थाच्या आत दुसरा पदार्थ लपवायची ही रीत मला पसंत पडली. आल्याच्या चटणीनं मात्र डोळ्यांतून पाणी काढलं.

टेकडीची गल्ली सुरू झाली तशी रिक्षावाल्यानं हात वर केले. पुढं नुसत्या पायऱ्या होत्या. गुलाबी, हिरवी, पिवळी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली, आणि वळणावर मागं बघितलं की खाली समुद्र, बंदरातल्या क्रेन, एक भलंमोठं जहाज. बघण्यासारखं होतं, नाही म्हणत नाही. पण कॅमेरा डोळ्याला लावला की तो आपोआप खांबांकडं वळायचा. एका घराच्या पायाचा फोटो काढला, एका सज्ज्याच्या भेगेचा, मग एका जिन्याचा. रोल सरत चालला होता.

अर्ध्या वाटेवर एका बाईनं वाळत घातलेले कपडे टाकून आरडाओरडा सुरू केला. बघता बघता वीसेक माणसं जमली. लुंगीतल्या एका पैलवानानं माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा धरला. माझं आजोळ देगलूरकडचं, म्हणून मला चार तेलुगू शब्द येतात, पण त्या क्षणी चारातला एकही आठवेना. त्यांना वाटलं होतं मी नगरपालिकेचा माणूस, घरं पाडायच्या आधी फोटो काढायला आलेला. माझी वरात गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईपुढं नेली. तिनं माझ्या हातातली कॉलेजची चिठ्ठी वाचली, आणि हसू लागली. चिठ्ठीवर तिचाच पत्ता होता.

तिला सगळे अम्मा म्हणत. सत्तरीची, काटक, नाकात दोन्ही बाजूंना चमकी. तिचं मोडकं हिंदी आणि माझं मोडकं तेलुगू, यांचं बरं जुळलं. पोरींची खोली तिनं दाखवली. मी भिंतीवर ठकठक केलं, जिना मोजला, तलुपु (दार) उघडून लावून बघितलं, आणि प्रत्येकाचा फोटो काढला. अम्मा कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"खिडकीतून समुद्र दिसतो," ती म्हणाली. "त्याचा नाही काढत?"

"आधी दार."

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, "अम्मा, घर चांगलंय. फक्त हा स्लॅब काढा आणि पत्रे टाका. छप्पर हलकं असलेलं बरं."

अम्मा इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "पत्रे? गेल्या तुपानुला (वादळाला) शेजारचे पत्रे उडाले ते शाळेच्या मैदानात सापडले. छप्पर जड पाहिजे, बाबा. वारा सुटला की मी पोरींना आत घेते, दार लावते, आतून लाकडी आडणा घालते. बाहेर राहिलेला माणूस मरतो."

"आमच्याकडं आत राहिलेला मरतो," मी म्हणालो.

ती हसायची थांबली. कुठलं गाव, तिनं विचारलं. मी सांगितलं. भूकंपाच्या बातम्यांतलं ते नाव तिला माहीत होतं. ती आत जाऊन कॉफी करून घेऊन आली, आणि आम्ही दोघं तिच्या दारात बसून ती प्यालो.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. मुरमुऱ्यांची भेळ खाल्ली, विजार गुडघ्यापर्यंत भिजवली, रोलमधला शेवटचा फोटो लाटेचा काढला. तोही तिरका आला.

रविवारी घरी पोचलो आणि दुपारपर्यंत फोटो धुऊन काढले. शकूनं ते चाळले. "हे काय, घर विकत घ्यायलात का?" म्हणाली. "समुद्र कुठाय?"

मीरानं मात्र फोटो जमिनीवर ओळीनं मांडले. खोली, दार, जिना, अंगण, गल्लीच्या पायऱ्या. मला काय म्हणायचंय ते तिला बरोबर कळलं होतं. ती लहान असल्यापासून हेच तर ऐकत आली होती.

"म्हंजे हललं की असं बाहेर यायचं," ती बोट फिरवत म्हणाली. "आन् पप्पा, वादळ आलं तर?"

"तर आत बस," मी म्हणालो. "दार लाव, आडणा घाल, अम्माजवळ बस. कुणी कितीही हाका मारल्या तरी बाहेर येऊ नको. मी मारल्या तरी."

शकू माझ्याकडं बघत राहिली. मीरानं फॉर्म पुढं केला, आणि मी सही केली.