बोनटवरचा हात

मधूच्या गाडीची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल? हळदीत सांगितली, पानठेल्यावर सांगितली, एकदा तर तेरवीच्या पंगतीत सांगितली — आणि लोक तिथेही हसले. पण ती जशी घडली तशी मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. मधूला तर नाहीच. तुम्ही वाचणारे मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बसतोय. जरा सरकून जागा द्या.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. कारंजा तालुक्यातल्या एका गावात माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे. मंडप माणसं बांधतात, माइक मी धरतो. नवरदेव दोन तास उशिरा आला तरी वऱ्हाड जागचं हलत नाही, असं आमच्या भागात माझं नाव आहे. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझ्या अंगात काहीतरी शिरतं. मग मी काय बोलेन ते माझं मलाच ठाऊक नसतं. इतकी वर्षं मी याला कला म्हणत आलो.

त्यात मी एक थाप मारून ठेवली होती — तरुणपणी रायपूर लाइनवर दोन वर्षं ट्रक चालवला म्हणून. खरं सांगू? मी अकरा दिवस क्लीनर होतो. बाराव्या दिवशी ड्रायव्हर गाडी मागे घेत होता, मी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहिलो, आणि भिंत आली. अकोल्याला त्यानं मला उतरवलं. पण गावात मी परतलो तो ट्रकवाला होऊन. गावानंही विश्वास ठेवला. मधूनं तर सगळ्यांत जास्त.

मधू माझा लहानपणापासूनचा मित्र. गावाच्या कडेला त्याचा मळा — वांगी, मेथी, आणि मुख्य म्हणजे सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. पहाटे कापलेला सांबार उजाडायच्या आत बाजारात पोचला तर त्याला किंमत. ऊन चढल्यावर पोचला तर तो गुरांपुढे टाकायचा. त्याची बायको, वनिता वहिनी, कारंज्याच्या बाजारात ओट्यावर बसून स्वतः भाजी विकायची. त्या ओट्यावरची जागा तिनं तीन वर्षं रोज पहाटे जाऊन धरली होती. पण माल जायचा दुसऱ्याच्या गाडीत, आणि दुसऱ्याची गाडी भरल्याशिवाय हलत नाही. कधी वेळेवर, कधी उशिरा. म्हणून दोघांनी ठरवलं की आपली एक जुनी पिकअप घ्यायची. मधू चाळिशीत गाडी शिकला. लायसन्स आलं त्या दिवशी त्यानं मला ते दाखवलं, तेव्हा हात धुऊन, पुसून मग खिशातून काढलं.

एक पिकअप विकायला असल्याचं कळलं, मंगरूळपीरकडच्या एका गावात. मधू म्हणाला, गॅरेजवाल्या मिस्त्रीला सोबत नेऊ. मी म्हणालो, मिस्त्री कशाला? मी आहे ना.

आणि मग आदल्या संध्याकाळी मी एकटाच, कुणाला न सांगता, मिस्त्री चाचांकडे गेलो. कारण मला काय कळत होतं गाडीतलं? चाचा पान्यानं नट पिळता पिळता म्हणाले, “जासान तवा पयले चहा पिऊ नका, गोठी सांगू नका. सीधा बोनटवर हात ठेवा. डिझेल इंजिन रातभर थंडं पडल्यावर सकाळी कसं सुरू होते, थेच त्याचं खरं. बोनट गरम लागलं तं समजा, तुमच्या आंधी कोनीतरी तिले मनवून ठेवली. मंग काई बोलाचं नाई. उद्या येतो म्हना अन् निंगा.”

एवढंच शिकून मी आलो. मधूला सांगितलं नाही. उद्या त्याच्यासमोर हे माझं ज्ञान म्हणून काढायचं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी अजून गारवा होता. आम्ही मोटरसायकलवर पोचलो तेव्हा आठ वाजले असतील. अंगणात पांढरी पिकअप, धुतलेली, पुढे लिंबू-मिरची. मालक पुढे आला, माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला.

“तुमी तं माइकवाले दिगूभाऊ. माह्या साळ्याच्या लग्नात नवरीच्या मामाले हसवू हसवू रडोलं होतं तुमी. ए, खुर्च्या काढा रे.”

झालं. खुर्च्या निघाल्या, चहा आला, पोहे आले. शेजारच्या ओट्यांवरून माणसं उतरली. बघता बघता दहा-बारा जण गाडीभोवती — गाडी बघायला नव्हे, मला बघायला. आणि मी सुरू झालो. टायरला लाथ मारली, कान लावला, म्हणालो हा टायर काही बोलत नाही, फार शिकलेला दिसतो. ऑइलची पट्टी काढून वरणाची चव घ्यावी तशी हुंगली. लोक हसत होते. मधू हसत होता — अभिमानानं, की हा माझा दोस्त.

मग मी हात वर केला, लोक गप्प झाले, आणि मी तो बोनटवर ठेवला.

त्याच्यापुढचं जरा थांबून सांगतो. मला ते एकदम जमत नाही.

मी डोळे मिटले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे, आणि म्हणालो, “मधू, हिच्यात जीव आहे.” टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मालकानं सेल्फ मारला, गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. त्याच दुपारी व्यवहार ठरला. आठवड्यानं गाडी घरी आली तेव्हा वनिता वहिनी आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं ओवाळलं, आणि मग हळूच मला विचारलं, “भाऊजी, तुमी पाह्यली न नीट?”

“हात लावून पाह्यली, वहिनी.”

यात खोटं काय होतं? सांगा.

पुढचे आठ महिने त्या घरानं जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. आमच्याकडचा उन्हाळा असा की मेलेलं इंजिनही घामानं सुरू व्हावं. गाडी थोडी खोकायची, धूर टाकायची आणि निघायची. उजाडायच्या आत सांबार बाजारात. वहिनी पुढच्या सीटवर, मांडीवर तराजू. रामनवमीला मधूनं अख्खी आळी पोहरादेवीच्या यात्रेला फुकट नेली. परतताना चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे गेला, मधूनं गाडी थांबवली, पाणी घातलं, पुन्हा निघालो. मी मागे हौद्यात उभा राहून गाण्याच्या भेंड्या घेत होतो.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडी एका पहाटे सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशी धक्का मारून झाली. आठ दिवसांनी धक्क्यानंही होईना. मधू तिला रात्री उतारावर उभी करायचा. सकाळी सगळी आळी ढकलायला, आणि वहिनी भाजीच्या जुड्यांवर ओलं पोतं टाकत बसलेली. शेवटी ट्रॅक्टरला बांधून चाचांकडे नेली. मी सोबत होतोच. चाचांनी इंजिन खोललं, आत बघितलं आणि मान हलवली. पिस्टन, रिंगा, सगळं झिजलेलं. मग त्यांनी वर बघितलं — मधूकडे नाही, माझ्याकडे.

“घेतली तवा बोनटवर हात ठेवला होता न? थंडं होतं न?”

मधू माझ्या बाजूला उभा. तो हात कशासाठी ठेवतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“थंडं होतं,” मी म्हणालो. “एकदम थंडं.”

“मंग गाडी चांगली होती,” चाचा म्हणाले, आणि आता त्यांनी मधूकडे बघितलं. “तुमीच मारली. गरम केली असंन, पानी पाह्यलं नसंन. नवा हात.”

मधूचं तोंड उतरलं. मग तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “पोहरादेवीले काटा लाल झाला होता, चाचा.”

आता सांगतो. ते थंड नव्हतं. बकरीचं पिल्लू पोटाशी धरल्यावर लागतं तसं ते उबदार होतं. सकाळच्या गारव्यात हाताला बरं वाटलं, इतकं की मी हात जरा जास्त वेळ तिथे ठेवला. मला त्याच क्षणी कळलं होतं. आम्ही यायच्या आधी त्यानं गाडी सुरू करून, तापवून ठेवली होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — उद्या येतो. दोन शब्द. पण समोर दहा-बारा माणसं तोंडं उघडी टाकून थांबली होती, माझी पोह्यांची डिश अर्धी उरली होती, आणि ‘उद्या येतो’ या वाक्यावर कोण टाळी देतं?

ती पहिली वेळ बावळटपणाची म्हणून कदाचित सोडून देता आली असती. चाचांच्या दुकानातली दुसरी वेळ तशी नव्हती. तिथे बघायला कुणी नव्हतं. तिथे मला फक्त माझी अब्रू दिसत होती, आणि ती झाकायला मधू हाताशी उभा होता.

गाडी भंगारात गेली. भाजी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीत जायला लागली, पुन्हा उशिरा. महिन्याभरात ओट्यावरची वहिनीची जागा दुसऱ्या बाईनं धरली. एकदा माझ्यासमोरच वहिनी मधूला म्हणाली, “पानी पाहाचं समजत नव्हतं तं स्टेरिंग कायले धरलं?” तो जुड्या बांधत राहिला. मी चहा पीत होतो. त्या दिवसापासून मधूनं कुठलीच गाडी चालवलेली नाही. वावरात नांगराला ट्रॅक्टर येतो तेव्हा तो बांधावर उभा राहून बोलतो, जवळ जात नाही. त्याच्या टायरवरही हात टेकत नाही.

आणि मी काय केलं? मी त्याची गोष्ट केली. ‘मधूनं मारलेली गाडी.’ तीत मी इंजिनाचे आवाज काढतो — घर्र, घर्र, फुस्स. ढकलणारी आळी, ओलं पोतं टाकत बसलेली वहिनी, काटा लाल होताना भजन म्हणणारा मधू. भजन तो म्हणत नव्हता, ते मी घातलं. गोष्ट इतकी चालली की परगावचे लोक फर्माइश करायला लागले. मधूच्या मुलीच्या हळदीला, पल्लवीच्या, मला वाटलं आज नको. पण मधूच पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आला.

“दिगू, थे माह्या गाडीची गोठ सांग न. पाव्हणे कंटाळले.”

मी सांगितली. नेहमीपेक्षा जास्त रंगली. तो पहिल्या रांगेत बसून हसत होता, आणि वहिनी उठून आत गेली.

गाडी गेली त्याला नऊ वर्षं झाली. आता गेल्या महिन्यातलं सांगतो. मधूच्या जावयानं, नितीननं, जुनी पिकअप घ्यायची ठरवली. मधू सकाळी सकाळी माझ्याकडे आला. “तूच चाल पाहाले,” म्हणाला. “त्याले कोनी जानकार पायजे. मी येतो, पन लांब उभा राहीन. माह्या हाताले गाडी लाभत नाई.”

तो खरंच लांब उभा राहिला. निंबाखाली, वीसेक पावलांवर, हात मागे बांधून. या वेळी मी चहा नको म्हणालो. मालकाशी बोललो नाही. सरळ जाऊन हात ठेवला. लोखंड गार होतं, तळव्याला चावेल इतकं. सेल्फवर गाडी दोनदा कुरकुरली आणि सुरू झाली. चांगली गाडी होती. नितीननं घेतली.

तो कागदपत्रांसाठी मागे थांबला, आणि परतताना आम्ही दोघं एसटीची वाट बघत फाट्यावर बसलो होतो. मधूनं विडी पेटवली आणि विचारलं, “तू हात कायले ठेवतं रे बोनटवर?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच. थंड असेल तर खरी, गरम असेल तर मालकानं काहीतरी लपवलेलं. तो ऐकत राहिला. विडी विझली. मग म्हणाला, “मंग माह्या गाडीचं थंडंच होतं न?”

रस्ता मोकळा होता. एसटीचा पत्ता नव्हता. ऐकायला कुणी नव्हतं, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

“हो,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. “तसंच असंन. मीच मारली थे.”

मधू वाचत नाही. पण वनिता वहिनी वाचते. छापलेलं जे हाती येईल ते ती संध्याकाळी ओसरीवर मोठ्यानं वाचते, आणि मधू भाजीच्या जुड्या बांधत ऐकतो. म्हणून हे इथे साध्या शब्दांत लिहून ठेवतो, आवाज न काढता. मधू, तुझ्या गाडीचं बोनट गरम होतं. घेतानाच गरम होतं. हात माझा होता.